दहाव्या दिवसाचं गाणं

फार फार जुन्या काळची ही गोष्ट आहे. एका गावात एक कवी राहत असे. त्या गावाची रीत मोठी वेगळी होती. कुणी वारलं, की दहाव्या दिवशी कवीने पारावर उभं राहून त्या माणसाचं गाणं म्हणायचं. तो दिवस टळला, तर पुन्हा गाणं नाही. गाणं झालं म्हणजे माणूस गावातच राहिला, असं लोक मानत.

एके वर्षी कवी पाटलांना म्हणाला, "इथं लिहिण्यासारखं उरलंय काय? तीच घरं, तीच तोंडं. मी देशोदेशी हिंडून येतो."

"जा बाबा," पाटील म्हणाले. "पण परत ये. आमची गाणी म्हणायला दुसरं कोण आहे?"

कवी तीन वर्षं हिंडला. सुदैवाने तेवढ्या काळात गावात कुणी वारलं नाही. त्याने समुद्र पाहिले, बर्फाचे डोंगर पाहिले, आणि मोठ्या ऐटीत गावी परतला.

तो आला, तेव्हा गाव पारावर जमलं होतं. त्याच्या समोरच्या घरात सुपं-टोपल्या विणणारी एक म्हातारी राहत असे. ती वारली होती, आणि आजच तिचा दहावा दिवस होता.

तिची लेक धावत आली. "दादा, देवासारखे आलात! आईचं गाणं तेवढं राहिलंय."

कवी पारावर चढला. म्हातारीची आठवण काढू लागला, तर काहीच आठवेना. मग त्याने आपल्याजवळचं काढलं. ती समुद्रासारखी अथांग होती, हिमशिखरासारखी शुभ्र होती, असं बरंच काही गायला.

"हे कुणाचं चाललंय?" एका आजोबांनी विचारलं. पोरं फिदीफिदी हसली.

कवी थांबला. खाली वाकून हळूच म्हणाला, "तुझ्या आईचं नाव काय गं?"

ते सगळ्यांनी ऐकलं. आता पोरंसुद्धा हसली नाहीत.

"जिवाई," लेक म्हणाली. "दादा, जन्मल्यावर तुम्हाला ज्या सुपात ठेवलं, ते तिनंच विणलेलं. तान्ह्या बाळाला कुसळ टोचू नये म्हणून बांबूची एकेक कामटी आधी स्वतःच्या गालावरून फिरवायची. गाल कायम ओरखडलेला असायचा तिचा. तुम्ही तर रोज समोरच्या ओट्यावर बसायचात. तो गाल दिसला नाही कधी?"

कवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाळीस वर्षं तो त्या ओट्यावर बसला होता, विषय सुचत नाही म्हणून आभाळाकडे बघत. त्याने पुन्हा सुरुवात करून पाहिली, पण लाजेने तो पहिल्याच शब्दाला अडत राहिला. तेवढ्यात सूर्य बुडाला. लेक पदराने डोळे पुसत घरी गेली. जिवाईचं गाणं राहिलं ते राहिलंच. गावात बिनगाण्याची गेलेली ती एकटीच.

दुसऱ्या दिवशी म्हातारा कुंभार काठी टेकत कवीच्या दारी आला.

"बाबा, माझेही दिवस भरत आलेत," तो म्हणाला. "म्हणून आधीच सांगून ठेवतो. माझं गाणं तू म्हणू नकोस. माझी सून चार शब्द बोलेल, मला तेवढे पुरे."

कुंभार हळूहळू ओटा उतरून गेला.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: समोरच्या माणसाकडे ज्याने कधी नीट पाहिलं नाही, त्याला जग हिंडूनही लिहिण्याजोगं काही सापडत नाही.