कोपरहौद

करंजपेठ टेकडीच्या उतारावर वसलेली आहे. वरून खाली उतरत आलं की शहर जिथे संपतं तिथे, लोणार आळीच्या तोंडाशी, काळ्या दगडाचा एक चौकोनी हौद लागतो. त्याच्या कठड्यावर एका जागी दगड झिजून वाटीएवढा खोलगा पडला आहे. शेजारी लाकडी चौकटीला एक घंटा टांगलेली आहे. घंटेचा दोर दरवर्षी नवा बांधतात. घंटा मात्र कुणी वाजवत नाही.

जुनं शहर बघायला निघालेली माणसं इथवर पोचेपर्यंत थकलेली असतात. हौदाला लागूनच राहणाऱ्या गिरजाक्का त्यांना कठड्यावर बसवून घेतात.

"त्या खोलग्यात तेवढं बसू नका," त्या सांगतात. "ती ठकूच्या कोपराची जागा हाय."

मग कुणीतरी विचारतंच, ही ठकू कोण.

फार पूर्वी या टेकडीच्या माथ्यावर एक जिवंत झरा होता, असं सांगतात. मोरोजी नावाच्या कारभाऱ्याने त्याचं पाणी जमिनीखालून बांधलेल्या नळातून सगळ्या पेठेला दिलं. वाटेत प्रत्येक आळीला एक हौद. नळाला हौदापाशी एक भोक आणि भोकाला लाकडी दट्ट्या. दट्ट्या काढला की पाणी हौदात पडायचं, बसवला की पुढच्या आळीकडे जायचं. आपलं भागलं की दट्ट्या बसवायचा, एवढीच अट होती. त्या नळाला लागलेला सगळा चुना या आळीतल्या लोणाऱ्यांनी भाजला. नळाचा सांधा न् सांधा त्यांच्या भट्टीतल्या चुन्यावर उभा होता, आणि हौद मिळाला तो सगळ्यात शेवटचा. वरच्या हौदांना हात लावायची त्यांना मुभा नव्हती.

पेठ वाढली. वरच्या आळ्यांत बागा झाल्या, बागांत कारंजी आली. सगळ्यात उंच कारंजं मोरोजीच्याच अंगणात उडायचं, दिवसरात्र. दट्ट्या बसवायची आठवण हळूहळू कुणाला राहिली नाही.

मोरोजी वाईट माणूस नव्हता म्हणे. दरसाल चैत्रात तो स्वतः पायी सगळे हौद बघायला निघायचा. दिवस आधी ठरायचा, दवंडी पिटली जायची. मग कारभारी येणार म्हणून वरच्या आळ्या आदल्या दिवसापासून दट्टे घट्ट बसवायच्या आणि पाणी थेट खालपर्यंत यायचं. लोणार आळीही मागे राहायची नाही. पाहुणा यायचा म्हणून तिथल्या बायका घरातलं साठवलेलं पाणी काढून रस्त्यावर सडा घालायच्या आणि कारभाऱ्याच्या हातात गुळपाण्याचा तांब्या द्यायच्या.

"पाणी पुरतं ना रे?" मोरोजी विचारायचा.

"आपल्या किरपेनं," आळीचा म्होरक्या हणगोजी म्हणायचा. दारात आलेल्या पाहुण्यापुढे आपल्या तहानेचा विषय काढायचा कसा, हा त्याचा पेच. मोरोजी भरलेला हौद डोळ्यांनी बघायचा आणि समाधानाने वर जायचा. त्यात आपण लबाडी करतोय असं कुणालाच वाटत नव्हतं. सगळे आपापल्या परीने चांगलंच वागत होते.

ठकू ही हणगोजीची लेक, तोंडाची फटकळ. एका वर्षी मोरोजी हौदात डोकावत असताना ती मागून म्हणाली, "आज पोटुशी दिसतोय खरा. उद्या बाळंत हुतोय बघा."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मोरोजीही हसला. कशाला हसतोय ते त्याला कळलं नव्हतं.

त्या दिवशी तो आपली काठी आळीतच विसरला. दुसऱ्या दिवशी घरचे गडी पाहुण्यांच्या सरबराईत होते, म्हणून काठी आणायला तो एकटाच खाली उतरला. दवंडी नव्हती, सोबत कुणी नव्हतं. वाटेत एकेका हौदापाशी त्याला दिसलं, की दट्टे पुन्हा काढलेले आहेत. शेवटच्या हौदातलं कालचं पाणी तहानलेली आळी आणि तिच्या भट्ट्या रात्रीतच पिऊन गेल्या होत्या; तळाला ओल तेवढी उरली होती.

तो तिथे उभा असतानाच भट्टीकडून किंकाळी आली.

भाजलेल्या चुन्याच्या खड्यांवर पाणी ओतून तो विझवायचा असतो, आणि ते भरपूर ओतावं लागतं. ठकूपाशी होतं ते थोडं. अर्धवट भिजलेला चुना उकळला, तडतडून उडाला आणि तिच्या डोळ्यांत गेला. अशा वेळी एकच इलाज, डोळे पाण्याने धुवत राहायचे. बायका घागरी घेऊन हौदाकडे धावल्या आणि हौदापाशी येऊन थांबल्या. घरात रांजण पालथे होते. त्यांतलं पाणी आदल्या दिवशी कारभाऱ्याच्या पायांखाली सडा म्हणून गेलं होतं.

मोरोजीने एकीच्या हातातली घागर ओढून घेतली आणि तो चढणीला लागला. घागर वाहायची सवय नव्हती. वरच्या हौदावरून घागर भरून, ठेचाळत, निम्मी सांडत तो परत आला तेव्हा ठकू शांत बसली होती. तिच्या डोळ्यांचा रंग चुन्यासारखा झाला होता.

पुढे काही दिवस तो रोज खाली येत राहिला. शेवटी तिच्यासमोर बसून म्हणाला, "पोरी, काय हवं ते माग. जमीन देतो. जन्मभराचं धान्य देतो."

"दावण्याजोगं काय आणू नका आता, कारभारी," ठकू म्हणाली. "तुमी हितं ऱ्हायला या."

"इथे?"

"हौदापाशी. जो कुणी शेराचा कारभार बघंल त्यानं ह्या हौदाचं पाणी प्यायचं. दुसरं न्हाई. आमाला तहान लागली की त्याला लागाय पायजे."

हणगोजी तिला गप्प करू लागला. मोरोजी उठून घरी गेला.

त्याच्या बायकोने, अंबिकाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं आणि म्हटलं, "तुम्ही जा. त्या धुरात मी यायची नाही." त्यांनी शब्द पाळला, असं सांगतात. मोरोजीने आधी अंगणातलं कारंजं फोडलं, त्याचं भोक लोणाऱ्यांच्याच चुन्याने बुजवलं, आणि तो एकटा खाली येऊन हौदाशेजारच्या खोलीत राहू लागला.

नवा नेम त्याने तिथूनच घालून दिला. शेवटचा हौद पहिला भरायचा. पहाटे सगळ्या आळ्यांचे दट्टे बसलेले असायचे. ठकू कठड्यावर कोपर टेकून हात आत सोडायची. मग पाणी बोटांना लागायचं, मनगटाला, आणि चढत चढत कोपरापर्यंत यायचं. त्यानंतर ती उठून घंटा वाजवायची, आणि तेव्हाच वरचे दट्टे निघायचे. कारभाऱ्यालाही चैत्रात डोळे मिटून तसाच हात घालावा लागे, तोही न सांगता, कुठल्याही दिवशी. डोळ्यांनी बघितलेल्या पाण्यावर मोरोजीचा विश्वास उरला नव्हता.

वरच्या आळ्या कुरकुरल्या. "आंधळीच्या हातावर पेठ चाललीय," असं लोक चारचौघांत म्हणत. एका सावकाराने झऱ्याच्या अंगाला नवी आळी वसवायचं ठरवलं, तेव्हा मोरोजीने त्याला ठकूकडे पाठवलं. ठकू म्हणाली, "उन्हाळ्यात मनगटापातूर यायलाच उजाडतंय. आनखी माणसं कुठनं पाजू?" ती आळी वसली नाही. शहर केवढं व्हायचं, ते तिचं कोपर ठरवायचं.

मोरोजी भट्टीच्या धुराने खोकत खोकत त्याच खोलीत गेला. अंबिकाबाई खाली आल्या त्या त्याच्या अंत्यविधीला. ठकू त्याच्यामागे पुष्कळ जगली. तिच्यानंतर आळीतली दुसरी बाई बसली, मग तिसरी. दगड झिजत गेला.

मग कधीतरी लांबच्या धरणाचं पाणी लोखंडी नळांतून आलं आणि झऱ्याची गरज संपली असं वरच्यांनी ठरवलं. टेकडीचा माथा प्लॉट पाडून विकला गेला. एका इमारतीचा पाया खणताना जुना नळ फुटला, तो कुणी सांधला नाही. शहराचा कारभार बघणारे केव्हाच वर राहायला गेले होते. वाटेत जो तो ओढून घेतो, म्हणून लोखंडी नळ उतारावर जितका खाली येतो, तितकी त्याची धार बारीक होते. लोणार आळीत ती करंगळीएवढी असते, असली तर.

नेम मात्र मोडला नाही, त्याचा उत्सव झाला. दरसाल चैत्रात नगराध्यक्ष कोपरहौदावर येतात. तारीख आधी छापून येते. आदल्या दिवशी टँकर येऊन हौद भरून जातो. आळीतल्या बायका सडा घालतात. नगराध्यक्षांच्या डोळ्यांवर रेशमी पट्टी बांधतात, ते खोलग्यात कोपर ठेवून हात बुडवतात, फोटो निघतात. मग ते गुळपाणी घेतात आणि विचारतात, "पाणी पुरतं ना?"

गोष्ट इथे आली की ऐकणाऱ्यांतलं कुणीतरी चिडतं. मागच्या खेपेला कॉलेजातली एक मुलगी म्हणाली, "आजी, मग तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"सांगितलं की यंदा," गिरजाक्का म्हणाल्या. "पट्टी डोळ्याला व्हती, कान तर उघडेच व्हते. पर टाळ्या वाजत व्हत्या गं."

मुलीने हातातल्या बाटलीचं झाकण लावलं. प्यायची राहिलीच ती.

आजही गिरजाक्का पहाटे उठून कठड्यापाशी येतात. त्या खोलग्यात कोपर ठेवतात आणि हात आत सोडून थांबतात. बोटांना काही लागत नाही. उजाडेपर्यंत वाट बघून त्या हात झटकतात, दोर चौकटीला गुंडाळून ठेवतात आणि घरात जातात. ठकूच्या नेमाने घंटा झाल्याशिवाय वर कुणी पाणी घ्यायचं नसतं. घंटा होत नाही. वरचं शहर उठतं, आणि नळ सोडतं.