दाराशेजारची कोरी जागा

आमच्या खारबांद गावात शिरताना प्रत्येक घराच्या दाराजवळ, चौकटीच्या उजव्या अंगाला, भिंतीवर तळव्याएवढी जागा कोरी दिसेल. पाहुणे विचारतात, माती कमी पडली का? एक शहाणे तर मागे डबा-ब्रश घेऊनच आले होते. म्हटलं, राहू द्या साहेब, आमच्या बायकांना हात आहेत. तुम्ही निदान बसून ऐका.

आमच्याकडे घर ऋतूप्रमाणे कपडे बदलतं. पावसाआधी भिंतींना माडाच्या झापांचं पांघरूण. दसऱ्याला झापं उतरवून लाल मातीचा हात. थंडीत त्यावर तांदळाच्या पिठाची वेल, आणि चैत्रात पांढरी माती. फक्त ज्या घरचा माणूस समुद्रात बुडाला, त्या घराला मग कुठल्याच ऋतूत रंग नाही, वेल नाही. पुढे त्या बाईने दुसरा घरोबा केला, नवा संसार मांडला, तरच घर पुन्हा नटायचं. हे सगळ्यांना ठाऊक असे.

असे सांगतात, की सरसू नावाची एक बाई इथे राहायची. तिचा नवरा पुनाजी गलबतावर तांडेल होता. नारळी पौर्णिमेनंतर जायचा आणि पावसाच्या तोंडावर यायचा. म्हणजे त्याने आपलं घर कायम झापांतच पाहिलेलं. जाताना एकदा म्हणाला म्हणे, "तुझी थंडीतली वेल एकदा तरी बघूची आसा गे."

त्या वर्षी गलबत परतलं नाही. गावाने पुनाजीला बुडालेला धरून त्याच्या नावाने नारळ वाहिला, पण सरसूने कुंकू पुसलं नाही. दसरा आला तशी मातीची पाटी घेऊन ती भिंतीशी उभी राहिली. बायका कळवळून म्हणाल्या, "कोणासाठी नटयतंस गे घर?"

"येतलो तो," ती म्हणाली. "इलो काय तेका घर उदास दिसूक नको."

आठ वर्षं तिने एकही ऋतू चुकवला नाही. लोक तोंडावर गप्प बसत आणि पाठीमागे वेडी म्हणत. आपलीच माणसं, पण खरं ते सांगायला हवं.

नवव्या वर्षी थंडीत पुनाजी आला. कुठल्याशा परमुलखात अडकून पडला होता म्हणे. दुपारची वेळ होती, गाव मासळी वाळवायला किनाऱ्यावर गेलेलं. सरसू दाराजवळचा उडालेला पोपडा ओल्या मातीने लिंपून, आणखी माती आणायला डोंगराकडे गेली होती. पुनाजी दारात आला आणि थबकला. भिंत लालभडक, वर पांढरीशुभ्र वेल. आपल्याला बुडालेला समजून आठ वर्षं झाली हे त्याला वाटेतच कळलं होतं. त्याने गावाच्या रीतीप्रमाणे एकच अर्थ लावला. तोल जाऊन भिंतीला हात टेकला असेल, तेवढंच. हाक न मारता तो खाडीवरच्या तरीकडे, होडीकडे परत फिरला.

सरसू परत आली तेव्हा ओल्या मातीत पंजा उमटलेला. करंगळी अर्धी. दोरात सापडून तुटलेली पुनाजीची ती करंगळी तिने स्वतः बांधली होती. पाटी तिथेच टाकून ती धावत सुटली.

तरीवाला नुकताच रिकामी होडी घेऊन पलीकडून आला होता. तो खाली मान घालून म्हणाला, "बाय, तो गेलो. मी विचारलंय तर तो म्हणालो, 'घर नटलेला बघलंय. तिना दुसरो घरोबो केल्यान. सुखात ऱ्हवांदे, तिका सांगा नको.'"

पलीकडची गावं तिने पालथी घातली, पण पुनाजी सापडला नाही. ज्या वेलीसाठी तो झुरला, तिनेच त्याला दारातून परत पाठवलं.

पुढच्या ऋतूला तिने सगळं घर सारवलं, पण तो पंजा सोडला. मग शेजारणीने आपल्या दाराजवळ तेवढीच जागा सोडली, कारण तिचाही माणूस दर्यावर होता. हळूहळू गावाची रीतच झाली. जागा कोरी, म्हणजे या घरात कुणाची तरी वाट बघणं चालू आहे. घर कितीही नटलेलं असो, आत या.

सरसू गेल्याला किती पिढ्या झाल्या कोण जाणे. तिच्या वंशाचं कुणी उरलं नाही आणि पंजाही केव्हाच झिजला. पण घर उभं आहे. आजही प्रत्येक ऋतूला गावातल्या बायका आधी ते नटवतात, मग आपलं. एकदा गावातल्या एका नव्या सुनेने चुकून त्या घराची कोरी जागा लिंपायला घेतली, तेव्हा म्हाताऱ्या जनाबायने तिचा हात धरला.

"ऱ्हवांदे गे," ती म्हणाली. "तो येतलो तेव्हा खंय हात टेकीत?"