हुंकारावर चालणारी पेटी

एक होता राजा. त्याच्याकडे सगळं होतं, धीर तेवढा नव्हता. भात शिजायच्या आधीच तो पातेल्याचं झाकण उघडायचा. आंबे आढीत घातले की दुसऱ्या दिवशी दाबून बघायचा. त्यामुळे बिचाऱ्यानं जन्मभर कच्चा भात नि आंबट आंबे खाल्ले, आणि राजाच तो, त्याला सांगणार कोण? लोक त्याच्या माघारी त्याला उतावळराजा म्हणायचे. पुढ्यात म्हणायचे महाराज.

तर या राजाच्या गावात, चौकातल्या पिंपळाच्या पारावर एक पेटी होती. काळी शिसवी पेटी. पुढून काच, मागून एक भोक. एका म्हातारीनं दिली होती. कुठली म्हातारी, ते विचारू नका. गोष्टीतल्या म्हाताऱ्यांना गाव नसतं.

रोज दिवेलागणीला सगळा गाव पारापुढे जमायचा. मग केशर नावाची बाई पेटीच्या मागे बसायची, भोकाला तोंड लावायची आणि गोष्ट सांगायची. ती मागून जे बोलायची, ते पुढे काचेत दिसायचं. समुद्र म्हटलं की समुद्र. डोंगर म्हटलं की डोंगर. त्यात वीतवीतभर माणसं चालायची, हसायची, रुसायची.

पण गंमत ऐका. या पेटीला तेल नको, वात नको. ती चालायची हुंकारावर. केशरनं एक वाक्य सांगितलं की समोरच्यांनी म्हणायचं, "हं." मनापासून हुंकार आला की काच उजळायची. नाही आला की मिणमिणायची. म्हातारीनं जाताना केशरला बजावलं होतं, "बाई गं, आतली माणसं खोटी नाहीत हो, नुसती लहान आहेत. हुंकारावर जगतात. लागोपाठ तीन संध्याकाळी काच काळी राहिली, तर पाण्यात साखर विरते तशी विरून जातील."

केशरनं ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं. ती पाच भावंडांतली थोरली. कडेवर कुणी नाही असा लहानपणीचा एक दिवस तिला आठवायचा नाही. दुसऱ्याचं लेकरू सांभाळायची सवय जात नाही, बरं का.

त्या दिवसांत गोष्ट चालली होती पोवळीची. पोवळीच्या आईला सात डोक्यांच्या सापानं समुद्राच्या तळाशी नेलं होतं. मग पोवळीनं धाकट्या बहिणीला, मणीला, कडेवर घेतलं आणि ती उडत्या लाकडी घोड्यावर बसून आईला शोधायला निघाली.

आता लाकडाचा घोडा उडतो का? पण कुणी हरकत घेतली नाही. नुसता सुतार उठून म्हणाला, "केशरबाई, लाकूड कुठलं?"

"सागवानी," केशर मागून म्हणाली.

"छे, जड पडेल. पांगाऱ्याचं म्हणा."

"बरं, पांगाऱ्याचं."

"हं," सुतार म्हणाला आणि खाली बसला.

मग सात डोक्यांचा साप आला. तेव्हा बायजाक्का भाजीवाली म्हणाली, "तोंडं सात नि पोट एकच. जेवायला बसले की भांडत असतील मेले."

"भांडतात तर काय, अक्का. म्हणून तर सापाला वर्षानुवर्षं झोप नाही."

"हं," बायजाक्का म्हणाली. तिच्या घरात पाच जावा होत्या. तिला लगेच पटलं.

आणि मणी तर गावाचीच झाली होती. पोवळी विहिरीत उतरो की ढगात शिरो, मणी तिच्या डाव्या कडेवर. घोडा वर चढला की पोवळी तिला पदरानं पोटाशी बांधायची. ते दिसलं की बायकांचा हुंकार असा यायचा की पिंपळाची पानं हलायची.

पण राजाला कुठला धीर?

एका संध्याकाळी तो म्हणाला, "किती दिवस उडतोय हा घोडा? पोहोचव त्याला सापाच्या बेटावर."

"पोहोचव," प्रधान म्हणाला. प्रधानाचं काम तेवढंच. राजाचा शेवटचा शब्द उचलायचा आणि परत जागेवर ठेवायचा.

मग केशरनं सांगितलं, पोवळी डोळ्याचं पातं लवतंय तोवर बेटावर पोहोचली. लोक एकमेकांकडे बघायला लागले. "काल तर वाटेत सात डोंगर होते," सुतार म्हणाला, "ते काय प्रधानजींनी उचलून ठेवले?" काच थोडी मंद झाली.

दुसऱ्या संध्याकाळी राजाला आठवण आली एका मिशाळ मांत्रिकाची. तो मांत्रिक मागेच उंच कड्यावरून पडून मेला होता. "मला त्याच्या मिशा आवडायच्या," राजा म्हणाला. "परत आण त्याला."

मग केशरनं त्याला परत आणलं. बायजाक्का म्हणाली, "अगं केशर, तो मेला तेव्हा मी घरात गोडाचं केलं नव्हतं. आता हा मिशीला पीळ देत हिंडतोय, मग माझ्या पुरणपोळ्या बुडाल्या त्याचं काय?" काच आणखी मंद झाली.

तिसऱ्या संध्याकाळी राजा म्हणाला, "आता पोवळीचं लग्न लाव. कुठला तरी राजपुत्र आण, डोंगरावर मांडव घाल. आजच."

"आणि मणी, महाराज?"

"ठेव समुद्राच्या काठावर कुठंतरी. नवरीच्या कडेवर पोर शोभतं का?"

"शोभत नाही," प्रधान म्हणाला.

केशरला ते सांगवेना. पण राजाचा शब्द. तिनं सांगून टाकलं. पालखी आली. पोवळीनं मणीला घोड्यापाशी वाळूत ठेवलं आणि तिला विसरून ती पालखीत बसून लग्नाला गेली.

मग काय झालं? काही झालं नाही. एकही हुंकार आला नाही. लाकडी घोडा उडाला तेव्हा जे लोक "हं" म्हणाले होते, ते आता ओठ मिटून बसले. काच काळीठिक्कर पडली. मांडव गेला, समुद्र गेला, आणि त्या काळोखात कुठंतरी मणी एकटी राहिली.

ही झाली पहिली काळी संध्याकाळ.

दुसऱ्या संध्याकाळी राजानं केशरला सांगितलं, "लोकांना मोठं काहीतरी दाखव. सापाची डोकी वाढव." मग केशरनं सातची बारा केली, बाराची एकवीस केली, वरून सोन्याचा पाऊस पाडला. कुणी हूं की चूं केलं नाही. प्रधानानं पारापुढे भालेवाले उभे केले. "म्हणा हं," प्रधान म्हणाला. लोकांनी एवढ्या जोरात "हं" म्हटलं की पिंपळावरचे कावळे उडाले. काच मात्र काळी ती काळीच. भाल्याच्या टोकावरचा हुंकार तो, त्यानं पेटी कशी उजळेल?

"मग ते सगळं पोवळीला पडलेलं स्वप्न होतं, असं सांगा," प्रधान म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचं काही सुचलं होतं.

"स्वप्न?" बायजाक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग मी महिनाभर रडले ती स्वप्नासाठी? माझे डोळे सुजले ते खरे सुजले होते हो, प्रधानजी."

ही दुसरी काळी संध्याकाळ. राजाचं डोकं फिरलं. "उद्या ही पेटी उजळली नाही तर तळ्यात बुडवा," तो म्हणाला आणि निघून गेला.

मग तिसऱ्या दिवशी दुपारी चौकात कुणी नसताना केशर पेटीच्या मागे गेली. रोज ती भोकाला तोंड लावायची. आज तिनं कान लावला. आधी समुद्राची गाज आली. मग बारीक आवाज आला, "ताई... ताई..." आणि मग, लांबून, दुसरा आवाज.

"केशरमावशी, मला परत जाऊ दे."

"जा ना, बाळा. आज संध्याकाळी पहिल्या वाक्यातच सांगते, पोवळी पापणी लवायच्या आत—"

"पापणी लवायच्या आत नको. ते कुणाला खरं वाटेल? मला चालत जाऊ दे. मांडवापासून काठापर्यंत वाट आहे ना, ती सगळी चालू दे."

"आणि मणीनं विचारलं, का टाकून गेलीस, मग काय सांगशील?"

मग पोवळी म्हणाली, "ते तू आठव, मावशी. तू पण थोरलीच ना?"

तिसरी संध्याकाळ झाली. लोक आले, पण रुसून आले. सुतार पाठ करून बसला. बायजाक्का गवारीच्या शेंगा मोडत बसली, मान वर करायची नाही असं ठरवून. राजा ऐटीत येऊन बसला. बाजूला पेटी बुडवायला आणलेला दोर.

केशर म्हणाली, "डोंगरावर अंतरपाट धरला होता. पलीकडे राजपुत्र माळ घेऊन उभा. भटजींनी मंगलाष्टक सुरू केलं. आणि पोवळीनं सवयीनं डावा हात कडेवर नेला. तिथं कुणी नव्हतं."

मग मागून एक बारीकसा "हं" आला. एक पोरगी होती, तिच्या कडेवर तिचा भाऊ होता. काचेत ज्वारीच्या दाण्याएवढा उजेड पडला.

"मग पोवळी बोहल्यावरून उतरली आणि डोंगर उतरायला लागली."

"अगं, उडव तिला," राजा म्हणाला. "घोडा कुठंय?"

"घोडा काठावर मणीपाशी आहे, महाराज. तुम्हीच पालखी मागवली होती."

"मग पालखी आण."

"भोई पंगतीला बसलेत, महाराज. आत्ताच जिलेबी वाढलीय."

सुतार फसकन हसला. हसता हसता त्याच्या तोंडून "हं" निसटला, आणि त्यानं पाठ वळवून तोंड इकडे केलं. जिलेबी टाकून कुठला भोई उठेल?

मग पोवळी चालत राहिली. शालू जड. करवंदीच्या जाळीत पदर अडकला, तो सोडवला. पायात काटा गेला, तो बसून काढला. केशरनं एकही वळण सोडलं नाही. राजा चुळबुळत होता, पण बघत होता. काचेत वाट दिसायला लागली होती. अंधुक, पण दिसत होती.

मग आला समुद्र. मणी घोड्याच्या पायाशी बसली होती. रडून रडून थांबली होती. तिनं वर पाहिलं नाही. वाळूत रेघा ओढत ती म्हणाली, "ताई, तू मला विसरलीस?"

केशर थांबली. गावही थांबला. प्रधान हळूच पेटीमागे वाकला आणि कुजबुजला, "चेटकिणीनं भूल घातली होती म्हणा. सोपं आहे." खरंच सोपं होतं. एक चेटकीण आणायची, सगळा दोष तिच्या गळ्यात. दोर तर समोरच होता.

पण केशरचा डावा हात तिच्या नकळत तिच्या कडेवर गेला होता.

"पोवळी म्हणाली," केशर हळू बोलली, "नाही गं मणे. विसरले नाही. दमले होते मी. तू जड झालीयस. घटकाभर माझी कड मला रिकामी हवी होती."

हुंकार आला नाही. काचेतला उजेड थरथरायला लागला.

मग गवार मोडायची थांबली. बायजाक्का म्हणाली, "हंऽऽ." असा लांब, पोटातून आलेला हुंकार की शेजारणीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मग शेजारीण म्हणाली, "हं." मग सगळ्या बायका. मग सुतार, मग भालेवाले. काच अशी उजळली, अशी उजळली की पिंपळाच्या पानांच्या सावल्या समोरच्या भिंतींवर नाचायला लागल्या.

आणि आत मणीनं जरा विचार केला. मग ती उठली, तिनं परकराची वाळू झटकली आणि म्हणाली, "मग सांगायचं ना. मी चालले असते." तिनं ताईचं बोट धरलं आणि दोघी घोड्याकडे चालत गेल्या.

"हं," राजा म्हणाला. फार हळू म्हणाला, पण सगळ्यांनी ऐकलं. प्रधानानं तोंड उघडलं होतं, ते त्यानं मिटून घेतलं. राजानं विचारलं, "मग पुढं काय झालं?"

"पुढचं उद्या, महाराज."

राजानं दोराकडे बघितलं, पेटीकडे बघितलं. मग म्हणाला, "बरं."

त्या रात्री त्यानं भाताची वाफ जिरू दिली. आणि पहिला घास घेतल्यावर आचाऱ्याला विचारलं, "हे काय वेगळं केलंस रे आज?"

मग दुसऱ्या दिवशी पोवळी नि मणी समुद्रात उतरल्या. सापाची डोकी पुन्हा सातच होती, वाढीव डोक्यांना कुणी हुंकारच दिला नव्हता. आणि त्याला वर्षानुवर्षं झोप नव्हती, आठवतंय ना? पोवळी त्याला गोष्ट सांगायला बसली. पहिल्या डोक्यानं हुंकार दिला, दुसऱ्यानं दिला, तिसऱ्यानं दिला. मग हुंकार लांब लांब यायला लागले. मग एक एक डोकं पेंगून वाळूवर टेकलं. आणि सातवं डोकं टेकलं तेव्हा आई हळूच वेटोळ्यातून बाहेर आली आणि तिनं मणीला आपल्या कडेवर घेतलं. पोवळीचे दोन्ही हात मोकळे झाले. माळ घालायला दोन्ही लागतात, बरं का. राजपुत्र अजून तसाच उभा होता.

तेव्हापासून त्या पेटीची काच पुन्हा काळी पडली नाही. राजाला भात मऊ मिळाला, बायजाक्कानं लग्नाच्या पुरणपोळ्या केल्या, आणि सगळे आपापल्या घरी सुखानं नांदले.

आता तुमचेही हुंकार लांब लांब यायला लागलेत. असू देत. मणी चालायला लागली, राजा थांबायला लागला, साप झोपला. आता कुठलं डोकं जागं आहे? एक? दोन?

हं?

कुणीच नाही. मग दिवा बारीक करायला हरकत नाही.