राजाने शाकारलेली झोपडी

एका राज्यात उदग्रसेन नावाचा राजा होता. महालाच्या खिडकीतून दिसणारा देखावा बिघडतो म्हणून त्याने जिवाई जादूगारणीची गवती झोपडी पाडून टाकली. जिवाईने नुसते हात झटकले. त्या दिवसापासून राजा ज्या छपराखाली बसे ते नेमके त्याच्या नाकावर ठिबकू लागले. पाऊस असो वा नसो, सिंहासनावर थेंब, पंगतीत थेंब, पलंगावर थेंब. सहा महिने बिचाऱ्याला झोप नाही. ओल्या गादीला कंटाळून राणीने आपला पलंग दुसऱ्या दालनात हलवला, ते तर त्याच्या फार जिव्हारी लागले.

शेवटी तो जिवाईला शरण गेला. ती म्हणाली, "माती, कूड, छप्पर. तिन्ही कामे स्वतःच्या हाताने कर. माझी झोपडी गळली नाही तर शाप उतरेल. गळली, तर जन्मभर भिजशील."

देखरेखीला तिने एक बोलकी सुगरण दिली. पक्षीण भलतीच तोंडाळ होती.

राजाने भुसा नि शेण घालून माती तुडवली आणि लगेच लिंपायची घाई केली. माती मुरल्याशिवाय धरत नाही, असे बजावून सुगरणीने त्याला आठ दिवस थांबवले. तेवढ्या दिवसांत त्याने बांबूच्या कामट्यांचा कूड विणला. बोटे सोलली, कूड वाकडा झाला, पण उभा राहिला. मुरलेल्या मातीने तो लिंपून झाल्यावर राजा तासभर भिंतीकडेच बघत बसला.

उरले छप्पर. सुगरण दाणे टिपायला गेली होती. राजा थेट आढ्यावर चढला आणि गवत शाकारत वरून खाली आला. परतलेली सुगरण हसता हसता फांदीवरून पडली.

राजा रागावून म्हणाला, "आमच्या राज्यात सगळे वरूनच सुरू होते."

"पाणीही वरूनच येते, महाराज. वळचणीपासून, म्हणजे छपराच्या खालच्या कडेपासून, चढत जा. वरची पेंढी खालचीवर आली, तरच पाणी बाहेर ओघळेल."

राजाने मुकाट्याने सगळे गवत उपसले आणि वळचणीपासून पुन्हा आरंभ केला. मग आत जाऊन नाक वर करून बसला. जिवाईने पदरातून एक ढग काढून झोपडीवर पिळला. पाणी वळचणीवरून धो धो वाहिले. नाक कोरडे ठणठणीत राहिले, आणि राजा बसल्या जागी घोरू लागला.

तिसऱ्या दिवशी जागा झाल्यावर त्याने झोपडी जिवाईच्या हवाली केली. थेंब आटला, शाप फिटला, राणीचा पलंग जागेवर आला.

आता महालात पाहुणे आले की राजा त्यांना आधी खिडकीशी नेतो. "ती झोपडी बघा," तो म्हणतो, "कूड जरा वाकडा आहे, पण छप्पर वळचणीपासून चढवलेले आहे."