तीस माणसांची अट

झिपरीआजीची बोली बोलणारे तिच्याशिवाय जगात कोणी उरले नव्हते. ती बोली ध्वनिमुद्रित करण्यासाठी माझी विद्यार्थिनी शैलजा कुडाळकर हिने सरकारी अनुदानाचा प्रस्ताव पाठवला. मुलाखतीला मीही तिच्यासोबत गेलो. प्रस्ताव मीच तपासून दिला होता, त्यामुळे चूक माझीच निघणार अशी मला धास्ती होती.

समितीचे अध्यक्ष रणसुभे यांनी पाने उलटली आणि ते हसले. "कुडाळकरबाई, एकच म्हातारी? आमच्या नियमात किमान तीस माणसांचा नमुना लागतो. एकटीच्या बोलण्यावर कसलं संशोधन? आणखी एकोणतीस शोधा, मग या."

मला संताप आला. बोली मरणाला टेकली म्हणून मदत मागायची, तर ती तीस जण बोलतात हे आधी दाखवायचे! पण मी प्रस्तावाची माझी प्रत पुन्हा चाळू लागलो. नियम खरेच तसा असला तर?

शैलजाने विचारले, "सर, हा नकार साऱ्या समितीचा आहे का?"

"माझा आहे. अध्यक्षाचं एकट्याचं मत पुरतं."

"मग आजीचं एकटीचं बोलणंही पुरू द्या. तुमच्यानंतर या खुर्चीत दुसरे अध्यक्ष येतील. तिच्यानंतर ती बोली बोलायला कोणी येणार नाही."

टोकाला बसलेल्या सदस्य बाईंनी विचारले, "आजींचं वय काय?"

"नव्वदीच्या पुढे."

"मग मतदान आत्ताच घ्या," बाई म्हणाल्या, आणि अध्यक्षांकडे न पाहता त्यांनी हात वर केला.