युवराजांना गटात कोण घेणार?

युवराजांना आपल्या गटात घ्यायला कोणी तयार नव्हतं, आणि हे महाराजांना कळलं ते सगुणाचा माईक चालू राहिल्यामुळे!

त्याचं असं झालं. उदंडसेन महाराजांनी मोठ्या हौसेनं ऑनलाइन विद्यापीठ काढलं. गावोगावची पोरं मोबाईलवर शिकू लागली, युवराजही शिकू लागले. मग आला प्रकल्प, तो गटानं करायचा. प्रधानजींनी पाडलेले गट लगेच मोडले. एकमेकांची तोंडंसुद्धा न पाहिलेली पोरं ती. एकाला रेंज नाही, दुसरा 'आवाज येतोय का?' एवढंच विचारून गायब. युवराज तर हजेरी लावून, कॅमेरा बंद करून ताणून देत. मेंढपाळाची सगुणा मैत्रिणीला म्हणाली, "त्यांच्यापेक्षा मी आमचा एडका घेईन गटात. हाक मारली की बघतो तरी." तिचा माईक चालूच होता, आणि त्या दिवशी वर्ग बघायला बसलेल्या महाराजांनी हे ऐकलं.

सगुणाला दरबारात उभं केलं. "आता तूच गट पाड," महाराज गरजले. "युवराजांना पोरांनी आपणहून बोलावलं पाहिजे. सक्ती नको, लालूच नको. जमलं नाही तर तुझं शिक्षण बंद!"

घरात शिकणारी सगुणा पहिलीच होती. क्षणभर विचार करून ती म्हणाली, "जमेल महाराज. फक्त राजवाड्यातलं वायफाय बंद करा."

झालं, दुसऱ्या दिवशी युवराज नेट शोधत टेकडीवर आले. पंचक्रोशीत धड रेंज तिथेच, म्हणून सगुणानं सगळ्या पोरांनाही तिथेच बोलावलं होतं. ज्यांना एका खडकावर रेंज मिळते त्यांचा एक गट, असं सगुणानं ठरवून टाकलं होतं. वर झाड नाही, झुडूप नाही, नुसतं रणरणतं ऊन. युवराजांच्या हातात मात्र राजछत्र होतं, कारण ते धरणारा सेवक दमून चढावरच बसला होता. छत्र दिसताच प्रत्येक खडकावरून हाका सुरू झाल्या, "युवराज, आमच्यात या!"

प्रकल्प पुरा होईपर्यंत युवराजांनी छत्र धरलं. उभ्यानं झोपता येईना, म्हणून ते ऐकू लागले. चारदोन गोष्टी शिकलेसुद्धा. कोणी काय काम केलं ते लिहायची वेळ आली, तेव्हा पोरांनी युवराजांच्या नावापुढे खरं तेच लिहिलं: सावली.

महाराज खूश झाले. सगुणाला म्हणाले, "शाब्बास पोरी! बक्षीस म्हणून त्या टेकडीवर मोठा मांडव घालून देतो."

सगुणानं घाईघाईनं हात जोडले. "मांडव तेवढा नको, महाराज. मग युवराजांना गटात कोण घेणार?"

महाराज मुकुट घसरेपर्यंत हसले आणि हातातलं सोन्याचं कडं त्यांनी तिला देऊन टाकलं. युवराजही हसले. छत्र मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं होतं.