धाकटा बुरूज

फार वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी एका किल्ल्याचे दोन बुरूज खांद्याला खांदा लावून उभे होते. एका उधाणात थोरला समुद्रात कोसळला. तेव्हापासून धाकटा, बुडी मारून येणाऱ्या पाणकावळ्याला रोज विचारायचा, "दादा दिसला का रे?"

"दिसला. अंगभर कालवं चिकटलीत. कुशीत खेकडे राहतात."

"मला काही म्हणाला?"

"पाण्यातलं बोलणं वर येत नाही, बाबा."

धाकट्याला राहवेना. "मग मीच जातो. आजच्या भरतीला पाया सोडतो!"

त्याच्या फटीत घरटं केलेली पाकोळी ओरडली, "अरे दगडा, माझ्या पिल्लांना अजून पंख फुटायचेत! मागची पिल्लं तुझ्या दादाबरोबरच गेली."

भरती आली. लाटांनी पाया हलवला. धाकट्याने दगडात दगड रुतवून धरला.

पंधरवड्याने पिल्लं उडाली. धाकटा आता मोकळा झाला. तेवढ्यात पाकोळी चोचीत पीस घेऊन परत आली.

"पुन्हा?"

"मग कुठे जाऊ?"

धाकटा पाणकावळ्याला म्हणाला, "खाली गेलास की दादाला सांग, मला यायला उशीर होईल."